धर्मपित्याचा रकाना

फिदेन्सिओ सावालाला अळंबी खुडताना पाहिलं तर हा माणूस आयुष्यात कधी चुकला असेल असं कुणाला वाटणार नाही. केनेट या परमुलखातल्या गावाच्या आसपासच्या त्या लांबोळक्या, बिनखिडकीच्या अळंबीघरांत त्यानं सव्वीस वर्षं काढली. कपाळावर दिवा, हातात बोटभर सुरी, आणि एकावर एक सहा थर रचलेल्या लाकडी वाफ्यांमधून तो फळीवरून फळीवर असा सरकायचा की खाली काम करणाऱ्या बाईच्या डोक्यावर मातीचा कण पडायचा नाही. टोपी उघडायच्या आत अळंबी खुडायची, देठाचं बूड छाटायचं, डाग न पाडता खोक्यात मांडायची. कामावर नवीन माणूस आला की मुकादम त्याला याच्या वाफ्यापाशी उभा करायचा. "बघ आणि शिक," म्हणायचा, "आणि तोंड बंद ठेव, त्यांना बडबड आवडत नाही."

हाताचा एवढा नेमका माणूस, आणि स्वतःच्या आयुष्यात एकच गोष्ट ठरवून करायला गेला तर पायावर असा धोंडा पाडून घेतला की वीस वर्षं लंगडत राहिला. खरं सांगते, मला त्याची दया येते त्याहून जास्त रागच येतो.

ती गोष्ट निकानोरची. निकानोर अल्मान्सा, सीमेपलीकडच्या आमच्या गुआनाहुआतो प्रांतातलाच, फिदेन्सिओच्या गावापासून दोन डोंगर पलीकडचा. मागे बायको, दोन मुलगे. हसरा, उंचापुरा, थोडा भित्रा. दोघं एकाच अळंबीघरात लागले आणि एका पत्र्याच्या घराचा मागचा भाग भाड्यानं घेऊन राहू लागले. आमच्या कपड्यांना अळंबीच्या खताचा, घोड्याच्या लिदीचा, सडलेल्या पेंढ्याचा वास असतो, कितीही धुवा, जात नाही. दुकानात लोक नाक मुरडून रांग बदलतात. एकदा असंच एका बाईनं आपल्या लेकराला त्यांच्यापासून ओढून घेतलं. बाहेर आल्यावर निकानोर म्हणाला, "आपला वास आपल्यालाच चालायचा, फिदे," आणि हसत हसत त्याच्या खांद्यावर कपाळ टेकलं. ते त्यानं लगेच उचललं नाही. तिथून सुरुवात झाली.

सहा वर्षं बरी गेली. बरी म्हणजे सुखाची. फिदेन्सिओला त्याआधी सुख कशाला म्हणतात ते ठाऊक नव्हतं आणि नंतरही ते मिळालं नाही, त्यामुळे ती सहा वर्षं त्यानं जपून ठेवली आहेत. रविवारी निकानोर बीन्स शिजवायचा, फिदेन्सिओ टॉर्टिया भाजायचा, आणि दाराला आतून कडी असायची.

भानगड होती ती लोकांची. "हा तुझा कोण?" असं विचारल्याशिवाय आमच्यातल्या माणसाला अन्न पचत नाही. दोघं सांगायचे, मावसभाऊ. चाललं काही दिवस. मग निकानोरच्या गल्लीतला एकजण कामाला आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मावसभाऊ? अरे, तुझ्या आईला बहीणच नाही." डबे उघडून बसलेली माणसं पोट धरधरून हसली. निकानोरही हसला, पण त्याचे कान लालबुंद झाले होते. त्या दिवसापासून तो घरी येताना दहा पावलं पुढे चालू लागला.

त्याच वर्षी नाताळाला निकानोर दोन महिने गावी जाऊन आला. तेव्हा सीमा अजून कशीबशी ओलांडता यायची. आला, आणि उन्हाळा संपता संपता बायकोचा, चायोचा, फोन. मुलगी झाली.

फिदेन्सिओनं पेढे वाटावेत तसं साऱ्या वस्तीत गोड वाटलं आणि घरी येऊन न्हाणीघरात तोंडावर टॉवेल दाबून रडला. मत्सर होता, खोटं कशाला बोला. पण त्याहून मोठी होती भीती. मुलीच्या ओढीनं हा परत जाणार, आणि गेला की आपण याचे कोण? हा मेला तर आपल्याला कळवायलाही कुणी बांधील नाही. आणि मग त्याला ती अक्कल सुचली.

आमच्याकडे बाळाच्या बाप्तिस्म्याला जो धर्मपिता, म्हणजे देवासमोरचा दुसरा बाप, होतो, तो बाळाच्या बापाचा कोंपाद्रे होतो. भावाहून घट्ट आणि भावाहून सोवळं असं ते नातं. कोंपाद्रे एकमेकांशी भांडत नाहीत, एकमेकांना अरे-तुरे करत नाहीत, काल लंगोटीयार असले तरी आज 'अहो' म्हणतात. मरेपर्यंत सुटत नाही. आणि ते सांगितलं की कुणी पुढे प्रश्न विचारत नाही. दोन कोंपाद्रे एका घरात राहतात यात हसण्यासारखं काय आहे?

"मी होतो पोरीचा धर्मपिता," फिदेन्सिओ म्हणाला.

निकानोर कपड्यांच्या घड्या घालत होता. "नीट विचार केलायस?"

"केलाय. आई उभी राहील माझ्या जागी. कपडे मी पाठवतो, बूट मी पाठवतो, चर्चबाहेर पोरांवर उधळायला सुट्टे पैसे मी पाठवतो."

"तसं नाही म्हणत मी," निकानोर म्हणाला. "कोंपाद्रे झालो म्हणजे... फिदे, तुला ठाऊक आहे कोंपाद्रे म्हणजे काय असतं."

त्याला ठाऊक होतं. आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कोंपाद्रेंनी एका अंथरुणात झोपणं म्हणजे आईबहिणीशी झोपण्याहून वाईट, आणि त्याचे भोग त्या लेकराला भोगावे लागतात. पण हे सगळं बाळाचा बाप आणि धर्ममाता, नाहीतर बाळाची आई आणि धर्मपिता, यांच्याबद्दल सांगितलेलं. दोन पुरुषांचा त्यात कुणी विचारच केला नव्हता. फिदेन्सिओनं हिशेब केला की ज्या नियमात आपलं नाव नाही तो आपल्याला लागू नाही. म्हटलं ना, अक्कल.

बाप्तिस्मा झाला. त्रिनी, म्हणजे फिदेन्सिओची आई, बाळाला घेऊन उभी राहिली. फोनवर घंटा ऐकू आली, पोरांचा गलका ऐकू आला, पैसे दगडांवर खणखणले. मुलीचं नाव युरिदिया. फोन ठेवून फिदेन्सिओ वळला आणि हात पसरले. निकानोरनं त्याला मिठी मारली, पाठीवर दोनदा थोपटलं, सगळ्यांसमोर मारतात तशी.

"आभारी आहे, कोंपाद्रे," तो म्हणाला. "तुमचे उपकार झाले."

फिदेन्सिओला वाटलं, थट्टा करतोय. तोही म्हणाला, "तुमचे कसले उपकार." जेवणं झाली. मग निकानोरनं आपली गादी उचलली आणि पातळ फळीच्या भिंतीपलीकडे, जिथे दोघं खोकी नि जुने बूट ठेवायचे, तिथे नेऊन टाकली.

"हे काय?"

"आता ते नाही, कोंपाद्रे. मुलीचा प्रश्न आहे."

फिदेन्सिओ दारात उभा राहून बघत होता. स्वतःच मागून घेतलं होतं.

त्याला वीस वर्षं झाली. सीमा बंद झाली, निकानोर परत गेला नाही, मुलीला त्यानं आजवर फोनच्या पडद्यावरच पाहिलं. त्या अर्थी फिदेन्सिओचा डाव साधला म्हणा, माणूस घरातच राहिला. पण कसा? ताटं वेगळी, दोरीवर कपडेही वेगळ्या बाजूला, आणि मधे ती भिंत. पलीकडे निकानोर कोणत्या कुशीवर वळला ते फिदेन्सिओला फळ्यांच्या आवाजावरून कळायचं. ताप आला तर निकानोर औषध आणून उंबऱ्यावर ठेवायचा. "घ्या, कोंपाद्रे." एकट्या माणसाला निदान एकटं असल्याचं सांगता तरी येतं. याला तेही नव्हतं. सगळ्या वस्तीत त्यांचं उदाहरण देत. बघा, कोंपाद्रे असावेत तर असे.

एक युरिदिया तेवढी होती. शनिवारी तिचा फोन यायचा आणि दोघं म्हातारे एका पडद्यात मावायला डोकं जवळ आणायचे. आठवड्यात तेवढा एकच वेळ निकानोरचा कान त्याच्या कानाला लागायचा. पोरगी बडबडी. बापाशी शाळेचं बोलायची, धर्मबापाशी बाकीचं सगळं. पहिला मुलगा आवडला तेव्हा तिनं त्यालाच सांगितलं होतं. आता त्याच मुलाशी, वेल्डिंग करणाऱ्या एका चांगल्या पोराशी, तिचं लग्न ठरलं होतं.

परवाच्या शनिवारी तिचा फोन दुपारीच आला. निकानोर कपडे धुवायच्या यंत्रांच्या दुकानात गेला होता.

"धर्मबाबा, एकटेच आहात का? मग ऐका. रागावू नका हं आधी."

"पैसे हवेत का?"

"नाही हो. चर्चमधून बाप्तिस्म्याचा दाखला आणला, लग्नाला लागतो ना. त्यात तुमचं नावच नाही."

"नीट बघ. सावाला झेडनं लिहिलं असेल."

"काय नीट बघू? धर्ममाता म्हणून त्रिनीआजी आहे. धर्मपित्याच्या रकान्यात नुसती रेघ आहे. मी आईला विचारलं तर ती रडायलाच लागली. म्हणाली, तेव्हाच्या फादरनं ऐकलं नाही. लग्न केलेलं नाही, बाप्तिस्म्याच्या वर्गाला बसलेला नाही, समोर हजर नाही, असल्या माणसाचं नाव मी वहीत घेणार नाही म्हणाला. मग आजी स्वतःच धर्ममाता झाली आणि आईला शपथ घातली, माझ्या फिदेला कळू देऊ नका, त्याचा जीव तुटेल. आजी गेली, फादर गेला, आणि ते तसंच राहिलं."

फिदेन्सिओ खाटेवर बसला.

"ऐकताय ना? नवे फादर चांगले आहेत. ते म्हणतात आईबाबांनी लिहून दिलं आणि तुम्ही हो म्हणालात तर ते नाव चढवतील, लग्नाआधी. म्हणजे तुम्ही अगदी पक्के धर्मबाबा. घालायचं ना?"

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

"उद्या? यात विचार कसला करायचा?" पोरगी हिरमुसली. "बरं, उद्या तर उद्या."

त्यानं फोन ठेवला. त्याला आधी आईचा राग आला, मग आईची माया आली. आणि मग हळूहळू ते डोक्यात शिरलं. वहीत नाव नाही म्हणजे आपण धर्मपिता नाही. धर्मपिता नाही म्हणजे निकानोरचे कोंपाद्रे नाही. कधीच नव्हतो. त्या भिंतीला वीस वर्षं काहीच आधार नव्हता. पन्नाशी उलटलेला माणूस, गुडघे गेलेले, बोटं वाकडी झालेली, आणि अंगातून आनंद असा चढत होता की त्यालाच लाज वाटली. निकानोरला हे कळलं की... पुढचं वाक्य तो मनातसुद्धा पुरं करेना.

रविवारी त्यानं गुळगुळीत दाढी केली आणि निळा सदरा घातला. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या अंगणात चेपा, त्याच्याच वाफ्यांवर खाली काम करणारी, कंबरेवर हात ठेवून त्याला न्याहाळत उभी राहिली.

"काय हो, लग्न पोरीचं आहे की तुमचं?"

"गप गं."

"नाही, नवरदेव दिसताय म्हणून विचारलं. नवरी कोण, आम्हालाही कळू द्या."

निकानोर बाजूलाच होता. तोही हसला. फिदेन्सिओनं त्याच्याकडे पाहिलं आणि वीस वर्षांत पहिल्यांदा नजर चटकन काढून घेतली नाही.

घरी आल्यावर निकानोर भाजीसाठी निवडुंगाची पानं घेऊन ओट्याशी बसला आणि काटे काढू लागला. फिदेन्सिओ समोरच्या खुर्चीवर बसला. बोलायचं सगळं रात्रभर घोकून ठेवलेलं, ते एका वाक्यात संपलं.

"माझं नाव नाही वहीत. पोरीनं दाखला आणलाय. आपण कोंपाद्रे नाही आहोत, निकानोर."

निकानोरची सुरी थांबली.

"फादरनं लिहिलंच नव्हतं," फिदेन्सिओ घाईघाईनं म्हणाला. "पोरगी विचारतेय, आता घालू का म्हणून. मी काही बोललो नाही. तू म्हणशील तर नको म्हणून सांगतो. तिला काहीतरी कारण देईन. तू... नको म्हणालास तर बरं, एवढंच."

निकानोरनं हातातलं पान उलटं केलं. त्याची दुसरी बाजूही साफ केली. मग म्हणाला, "मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"चायोनं सांगितलं होतं. त्याच आठवड्यात."

बाहेर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती. ती दोनचारदा घरघरली आणि बंद पडली.

"त्याच आठवड्यात," फिदेन्सिओ म्हणाला.

"मला भीती वाटायची, कोंपाद्रे. त्या माणसानं सगळ्यांसमोर हसं केलं तेव्हापासून झोप नव्हती. वर मुलगी झाली. वाटायचं, उद्या तिला कुणी सांगितलं तर? आणि तुम्ही आपल्या हातानं सुटका आणून दिलीत. मी घेतली."

"मला सांगायचं होतंस."

"पहिलं वर्षभर रोज वाटायचं, सांगावं. मग लाज वाटायला लागली, की इतके दिवस का नाही सांगितलं. मग सवय झाली. तुम्हीही कधी काही म्हणाला नाहीत. एकदा जरी भिंतीवर हात मारला असतात..."

फिदेन्सिओनं त्या भिंतीवर हात किती वेळा ठेवला होता ते त्याचं त्याला ठाऊक. ठेवला होता, मारला नव्हता. मुलीचं नाव निघाल्यापासून तो पापाला भीत होता, आणि पलीकडचा माणूस पाप नाही हे माहीत असून गप्प पडून होता. त्याला ओरडावंसं वाटलं. निकानोरच्या हातातली पानं भिरकावून द्यावीशी वाटली. पण समोर जो बसला होता तो पांढऱ्या मिशांचा, खांदे पडलेला एक दमलेला माणूस होता, आणि त्याच्यावर अजून जीव होता, हीच तर सगळी आफत होती.

"तुला आठवण नाही यायची?" त्यानं विचारलं.

"यायची," निकानोर म्हणाला.

"मग आता? आता कुणाला भ्यायचं? पोरीचं लग्न होतंय."

निकानोरनं आपल्या बोटांकडे पाहिलं. नखांत काळं गेलेलं, आम्हा सगळ्यांच्या असतं तसं. मग त्यानं हळूच मान हलवली, नाही म्हणून. "मला आता भिंतीच्या त्या बाजूला यायचं नाही परत, कोंपाद्रे. जमणारच नाही. तिला सांगा, नाव घाल म्हणून. नाहीतर तिला वाईट वाटेल. इतकी वर्षं तुम्हाला धर्मबाबा म्हणत आलीय."

तो उठला, पानं भांड्यात टाकली आणि नळ सोडला.

फिदेन्सिओनं नको म्हटलं असतं तर? त्याच्या हातात होतं. पण मग निकानोरचाही तो कुणी नाही आणि त्या पोरीचाही नाही, नुसता शेजारच्या खोलीतला भाडेकरू. त्यानं फोन काढला. युरिदियानं पहिल्याच घंटीला उचलला.

"ठरलं का?"

"लिहून घे."

"थांबा, अर्जच काढते. हं. पूर्ण नाव?"

"फिदेन्सिओ सावाला तिनोको."

"वडील?"

"एउसेबिओ. वारले. आई त्रिनिदाद, ते तुला ठाऊक आहे."

"लग्न? म्हणजे इथं विचारलंय, विवाहित की अविवाहित." ती हसायला लागली. "धर्मबाबा, खरंच कुणीच नव्हती का हो कधी? एवढ्या वर्षांत?"

ओट्यापाशी निकानोरची पाठ होती. नळ वाहत होता, पण हात थांबले होते.

"अविवाहित लिही," फिदेन्सिओ म्हणाला.

"बरं. आणि बाळाच्या वडिलांशी नातं?"

"कोंपाद्रे."

"कधीपासून?"

"बाप्तिस्म्याच्या दिवसापासून."

तिनं ते लिहिलं आणि पहिल्यापासून सगळं एकदा मोठ्यानं वाचून दाखवलं, मग विचारलं, बरोबर आहे का. तो म्हणाला, बरोबर आहे.